वेब रोज बदलते, हे खरे नाही

वेब डेव्हलपर व्हायला निघालेल्या मुलाला पहिल्या आठवड्यातच एक वाक्य ऐकवले जाते: "या लाइनमध्ये दर सहा महिन्यांनी सगळं बदलतं." सांगणारा कधी क्लासमधला शिक्षक असतो, तर कधी दोन वर्षे आधी नोकरीला लागलेला मावसभाऊ. बोलणे काळजीपोटीचे असते, यात मला शंका नाही. पण त्या वाक्याच्या पोटात अभ्यासाचा एक अख्खा क्रम दडलेला असतो. एचटीएमएल आणि सीएसएस पंधरा दिवसांत उरकायचे, जावास्क्रिप्ट गरजेपुरती बघायची आणि उरलेले महिने ज्या फ्रेमवर्कला आज मागणी आहे त्याला द्यायचे. पाया घालत बसलात तर गाडी सुटेल, असा त्याचा अर्थ.

मी गेली अठरा वर्षे वेबसाइट बांधते आणि दर शनिवारी काही मुलामुलींना हे काम शिकवते. हे मत मला चुकीचे वाटते. त्याने मुलांचे खरोखर नुकसान होते, म्हणून त्याचे खंडन करायला बसले आहे. आपल्याकडच्या वादाच्या रीतीत आधी पूर्वपक्ष मांडतात, आणि तोही असा की समोरच्याने म्हणावे, "हो, मला हेच म्हणायचे होते." तेव्हा आधी तो.

पूर्वपक्षाचा पहिला आधार इतिहास. २००६ साली जॉन रेसिग यांनी जेक्वेरी आणली आणि पुढची कित्येक वर्षे जेक्वेरी येणे म्हणजेच वेबचे काम येणे असे समीकरण होते. २०१० मध्ये गूगलची अँग्युलरजेएस आली. २०१६ मध्ये तिची नवी पिढी आली ती इतकी वेगळी, की जुना कोड तिच्यात सरळ चालेना. आणि २०२१ सरताना मूळ अँग्युलरजेएसची देखभालच थांबली. २०१३ मध्ये फेसबुकने रिॲक्ट सर्वांसाठी खुली केली. तिच्यातही घटक लिहायची रीत आधी एक होती, मग क्लासची आली, २०१९ मध्ये हुक्स आले आणि क्लासची रीत मागे पडली. नवशिक्यांना रिॲक्टचा प्रकल्प मांडून देणारे 'क्रिएट रिॲक्ट ॲप' हे साधन तर फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाले. २०२४ मध्ये फी भरून ज्याने त्याच्यावर धडे गिरवले, त्याच्या वहीचे पहिलेच पान वर्षभरात जुने झाले.

दुसरा आधार पोटाचा. नोकरीच्या जाहिरातीत रिॲक्ट लिहिलेले असते, 'एचटीएमएल उत्तम येणारा हवा' असे लिहिलेले नसते. शिक्षणाचे कर्ज आहे, पुण्यात कॉट बेसिसवर राहायचे भाडे आहे, घरचे वाट बघत आहेत. अशा मुलाला पाया घाल म्हणून सांगणे ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांना सोपे जाते. तिसरा आधार अगदी ताजा आहे: आता कोड एआय लिहून देते, मग टॅग आणि त्यांचे गुणधर्म शिकत बसायचे कशाला?

तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. तरी त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकतो, आणि तो चुकतो 'सगळं' या एका शब्दापाशी.

वर आलेली नावे पुन्हा पाहा. जेक्वेरी, अँग्युलर, रिॲक्ट. यांतले एकही नाव म्हणजे वेब नव्हे. ही वेबवर उभे राहून कुणी ना कुणी बांधलेली अवजारे आहेत, बहुतेक चांगली, काही उत्कृष्ट. वेब म्हणजे एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट ही भाषा, पत्त्यांची यूआरएल पद्धत, ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली एचटीटीपीची बोली, आणि खाली सगळ्यांना धरून ठेवणारे युनिकोड. नव्याचे नऊ दिवस असतात ते वरच्या थराला. खालच्या थराचा स्वभाव नेमका उलटा आहे. इतका चिवटपणा संगणकाच्या जगात मला फार कमी ठिकाणी दिसला आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला मार्च १९८९ मध्ये. तिथल्या पहिल्या साइटची १९९२ मधली प्रत २०१३ पासून मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवलेली आहे. आजच्या कोणत्याही फोनवर ती उघडते, शीर्षक शीर्षकासारखे दिसते, दुवे दाबले की पुढचे पान येते. त्या पानात 'नेक्स्टआयडी' नावाचा एक टॅग आहे, जो आज कुणी वापरत नाही. ब्राउझर तो मुकाट ओलांडतो आणि पुढचा मजकूर दाखवतो. 'स्पेस जॅम' चित्रपटाची १९९६ मधली साइटही अजून जशीच्या तशी चालते. तेव्हाचे किती सॉफ्टवेअर आजच्या यंत्रावर काही न करता उघडेल?

हा योगायोग असता तर मी त्यावर सिद्धान्त उभारला नसता. यामागे ठरवून पाळलेला नियम आहे: वेब मोडायचे नाही. जावास्क्रिप्टमध्ये 'नल' या मूल्याचा प्रकार विचारला तर उत्तर 'ऑब्जेक्ट' असे येते. ही १९९५ पासूनची चूक आहे आणि सर्वांना ठाऊक आहे. ती सुधारायचा प्रस्तावही आला होता. पण या चुकीवर विसंबलेली पाने जगभर आहेत, म्हणून तो फेटाळला गेला. त्याहून बोलका प्रसंग २०१८ मधला. याद्यांतल्या याद्या सपाट करणारी 'फ्लॅटन' नावाची सोय भाषेत यायची होती. चाचणी सुरू झाली आणि काही जुन्या साइट मोडल्या. का, तर मूटूल्स नावाच्या एके काळच्या लायब्ररीने स्वतःची 'फ्लॅटन' याद्यांना चिकटवली होती. ब्राउझरने आपली 'फ्लॅटन' दिली की मूटूल्सची आतली जुळणी बिघडत होती. मूटूल्सने नवा प्रकल्प सुरू करणारे तोवर कुणी उरले नव्हते. तरीही भाषेच्या समितीने माघार घेतली आणि सोयीचे नाव 'फ्लॅट' ठेवले. बेवारस पानांसाठी अख्ख्या भाषेने आपला शब्द बदलला!

याचे कारणही समजून घ्यावे. फोनवरचे ॲप जुने झाले तर बनवणारा नवी आवृत्ती धाडतो, न धाडली तर ॲप गळून पडते. वेबच्या पानाला असा मालक असेलच असे नाही. शाळेच्या शिक्षकाने पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेले पान, बंद पडलेल्या नियतकालिकाचे अंक, गेलेल्या माणसाचे टिपण यांना सुधारणारे कुणी नसते. एखादा ब्राउझर ती दाखवेनासा झाला तर वाचक त्या पानाला दोष देत नाही, ब्राउझर बदलतो. म्हणून ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या एरवी एकमेकींशी कितीही झगडल्या तरी या बाबतीत एका रांगेत उभ्या राहतात.

"मग फ्लॅशचे काय?" असे कुणी विचारील. विचारावेच. फ्लॅश ही एका कंपनीची, ब्राउझरला बाहेरून जोडलेली वस्तू होती, आणि २०२० च्या अखेरीस तिचा आधार संपला. त्याच काळातली साध्या एचटीएमएलची पाने आजही वाचता येतात. प्रमाणकाच्या आत काय आहे आणि बाहेरून काय चिकटवले आहे, हा भेद ओळखता येणे हेच तर मी पायाचे ज्ञान म्हणते.

एचटीटीपीचे उदाहरण त्याहून स्वच्छ आहे. वरवर पाहता ती फार बदलली. एचटीटीपी-३ तर टीसीपी सोडून यूडीपीवर बांधलेल्या क्विक या वाहतुकीवर चालते. पण जून २०२२ मध्ये प्रमाणके नव्याने मांडली गेली तेव्हा आरएफसी ९११० या दस्तऐवजात अर्थाचा भाग वेगळा काढला, आणि तो सर्व आवृत्त्यांना एकच आहे. गेट म्हणजे गेट, पोस्ट म्हणजे पोस्ट, ४०४ म्हणजे सापडले नाही. वाहन बदलले, पत्रातली भाषा तीच राहिली. जो मुलगा ही भाषा शिकला त्याला आवृत्ती बदलल्याचे कळलेही नसेल.

आणखी एक गोष्ट घाईत सुटते. वरच्या थरातली चांगली कल्पना कालांतराने खाली झिरपते. सीएसएसच्या निवडकांनी पानातले घटक शोधायची जेक्वेरीची रीत आज ब्राउझरमध्येच आहे. नियमांच्या आत नियम लिहायची सॅसची सोय २०२३ मध्ये सीएसएसमध्ये आली. पाया जाणणाऱ्याला लायब्ररी म्हणजे पायात आज काय उणे आहे याचे उत्तर म्हणून दिसते, आणि ते उणेपण भरले की तो ती शांतपणे खाली ठेवू शकतो. इतरांसाठी ते संकट असते.

आता नुकसानाकडे येते.

माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी अनेकांनी बटन बनवताना बटन हा टॅग वापरलेला नसतो. डिव्हची चौकट घेतलेली असते, तिला रंग, गोल कोपरे, आणि क्लिक झाल्यावर काय करायचे ते. माउसने दाबले की चालते, म्हणून काम झाले असे त्यांना वाटते. खरे बटन न सांगता किती गोष्टी करते ते बघा: टॅब दाबत गेले की त्याच्यावर थांबता येते, एंटर आणि स्पेस दोन्हींनी ते दाबले जाते, फॉर्ममध्ये असेल तर फॉर्म पाठवते, आणि स्क्रीन रीडरला 'मी बटन आहे' असे सांगते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. तो सुरू करून, पडदा झाकून, स्वतःचे पान ऐकायला मी प्रत्येकाला लावते. डिव्हचे बटन तिथे फक्त एक शब्द असतो, इतर शब्दांसारखा. अंध माणसाला तो दाबायचा आहे हे कळायला मार्ग नसतो. पहिल्यांदा हे ऐकल्यावर मुले गप्प होतात. त्यांना कुणी हे सांगितलेलेच नसते.

हा माझ्या चार मुलांचा अनुभव नाही. वेबएम ही संस्था २०१९ पासून दर वर्षी दहा लाख मुखपृष्ठे यंत्राने तपासते. आजवरच्या प्रत्येक पाहणीत शंभरातल्या ९४ हून अधिक पानांवर सुगम्यतेचे दोष सापडले आहेत. सर्वाधिक आढळणारे दोष कोणते? फिकट अक्षरे, चित्राला पर्यायी मजकूर नसणे, फॉर्मच्या रकान्याला लेबल नसणे, रिकामे दुवे, रिकामी बटने, आणि पानाची भाषा न सांगणे. यातल्या एकाही दोषाला नवे फ्रेमवर्क लागत नाही. हे सगळे त्या उरकलेल्या पंधरा दिवसांतले आहे.

शेवटचा दोष, पानाची भाषा न सांगणे, मराठी वाचकाच्या थेट घरात येतो. पायाचे महत्त्व सर्वांत जास्त आपल्याला आहे, असे माझे ठाम मत आहे. इंग्रजीत काम करणाऱ्याच्या पायातल्या भेगा झाकल्या जातात, कारण सगळी अवजारे मुळात त्याच्या लिपीसाठी घडवलेली आहेत. देवनागरी लिहिली की त्या उघड्या पडतात.

पानाच्या सुरुवातीला लँग या गुणधर्मात 'एमआर' ही दोन अक्षरे लिहिली तर स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे उमटतात. न लिहिल्यास हिंदी वळणाची येतात. शाळेत आपण जो ल गिरवला तो पडद्यावर का दिसत नाही, याचे उत्तर अनेकदा या दोन अक्षरांत असते. शीर्षकाला ऐट यावी म्हणून इंग्रजी नमुन्यातून उचललेली अक्षरांमधली जागा देवनागरीवर लावली की शिरोरेषा तुटते. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली की वरची वेलांटी आणि रफार कापले जातात, खालचा उकार पुढच्या ओळीला टेकतो.

फॉर्ममधली गोष्ट याहून गंभीर. रकान्याला कमाल लांबी दहा दिली, तर दहा काय मोजले जाते? आपण 'ज्ञानेश्वर' हे नाव चार अक्षरांचे म्हणतो: ज्ञा, ने, श्व, र. संगणकाच्या लेखी तिथे दहा चिन्हे आहेत, कारण हलन्त, काना, मात्रा सगळे वेगळे मोजले जाते. साठवताना यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीस बाइट होतात. म्हणजे एकाच नावाची लांबी चार, दहा किंवा तीस, आणि तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर. ज्याला हे ठाऊक नाही तो 'ज्ञानेश्वरी' हे नाव शेवटच्या वेलांटीपाशी तोडतो, आणि बाईंच्या कागदपत्रावर दुसरेच नाव छापले जाते. माणसाच्या दृष्टीने अक्षरे मोजायची असतील तर 'इंटल सेगमेंटर' ही सोय आता सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. तिच्यामागच्या युनिकोडच्या नियमात जोडाक्षर अखंड धरायची दुरुस्ती २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत झाली. तोवर 'स्त्री' या एका अक्षराचे तीन तुकडे पडत होते.

आणि शोध. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. या म्हणीतला 'पोहऱ्यात' हा शब्द तीन प्रकारे टंकता येतो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र चिन्ह, दुसऱ्या रीतीत र आणि खाली नुक्ता, तिसऱ्या रीतीत र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, संगणकाला तीन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडच्या सामान्यीकरणाने पहिल्या दोन रीती एक होतात. तिसरी होत नाही, ती आपणच हाताने जुळवून घ्यावी लागते. ग्रंथालयाच्या सूचीत 'वाऱ्यावरची' शोधून काही मिळत नाही तेव्हा पुस्तक नसतेच असे नाही. हे जाणणारा माणूस तिथे हवा. मी पाहिलेल्या फ्रेमवर्कच्या अभ्यासक्रमांत हे कुठेही नव्हते, आणि असावे तरी का? हा त्या अवजारांचा विषय नाही.

युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर अनेकांनी खास फॉन्टांत टंकला. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले ते फॉन्ट. त्या काळी ते काम निभावत होते, दुसरा मार्गही सहजी नव्हता. पण फॉन्ट गेला की पान वाचताच येत नाही. उरतात अर्थहीन रोमन अक्षरे. मी अशा एका संग्रहाचे रूपांतर करण्यात एक अख्खा उन्हाळा घालवला आहे. त्याच काळात युनिकोडमध्ये लिहिलेले मोजके मराठी लेखन आजही शोधता येते, ऐकवता येते, नकलून घेता येते.

आता पोटाच्या मुद्द्याकडे. जाहिरातीत रिॲक्ट असते, हे खरेच आहे, आणि रिॲक्ट शिकू नका असे मी कुणालाही सांगितलेले नाही. माझा वाद क्रमाशी आणि वेळेच्या वाटणीशी आहे. सहा महिने हातात असतील तर पहिले तीन पायाला द्यावेत. जावास्क्रिप्टमधली फंक्शने, संदर्भ आणि क्लोजर नीट समजलेल्या मुलाला हुक्स पंधरा दिवसांत कळतात. न समजलेल्याला ते मंत्रासारखे पाठ करावे लागतात, आणि मुलाखतीत कुणी "हे असे का?" असे विचारले की तो अडखळतो. मी मुलाखती घेतल्या आहेत, म्हणून सांगते. उमेदवाराला नेटवर्कचे पॅनेल उघडून एखादी विनंती का फसली ते सांगता आले, तर समोरच्याचा अर्धा निर्णय तिथेच होतो.

शिकायचे कुठून? साधने फुकट आहेत आणि उत्तम आहेत, फक्त ती जाहिरात करत नाहीत. पहिले नाव एमडीएन. मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलेला हा संदर्भकोश आज अनेक संस्था आणि स्वयंसेवक मिळून सांभाळतात. तो कादंबरीसारखा वाचायचा नसतो. एक टॅग किंवा एक गुणधर्म घ्यावा, त्याचे पान उघडावे, आधी उदाहरण स्वतःच्या हाताने टंकून चालवावे, मग वरचा मजकूर वाचावा, आणि शेवटी कोणत्या ब्राउझरात ते कधीपासून चालते तो तक्ता. बऱ्याच पानांवर 'बेसलाइन' असे लेबल दिसते. सर्व प्रमुख ब्राउझरांत येऊन तीस महिने झालेल्या सोयीला तिथे 'सर्वत्र उपलब्ध' म्हटलेले असते. सहा महिन्यांत सगळे बदलते या भीतीवर माझ्या मते हे सर्वांत साधे औषध आहे, कारण काय वापरायचे ते तारखेनिशी कळते.

एमडीएन मराठीत नाही, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ही भिंत वाटते. त्यांची अडचण मी हलकी मानत नाही. पण तांत्रिक इंग्रजीचा शब्दसंग्रह लहान असतो आणि तो सारखा परत येतो. माझी मुले प्रत्येक पानावर मराठीत चार ओळींचे टिपण लिहितात. महिन्याभराने त्यांचा वेग दिसण्याइतका वाढतो, आणि वहीत जमा झालेले टिपण पुढच्या मुलांना उपयोगी पडते.

जावास्क्रिप्टसाठी इल्या कांतोर यांचे 'द मॉडर्न जावास्क्रिप्ट ट्युटोरियल' पहिल्या प्रकरणापासून ओळीने करावे, मधली सोडू नयेत. विचार घडवायला जेरेमी कीथ यांचे 'रेझिलियंट वेब डिझाइन' हे २०१६ मधले छोटे पुस्तक वाचावे. तेही फुकट आहे. फ्रीकोडकॅम्प आणि द ओडिन प्रोजेक्ट यांत सरावाचा क्रम आयता मिळतो, एकट्याने शिकणाऱ्याला त्याचा आधार वाटतो. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा: डब्ल्यूथ्रीस्कूल्स या साइटचा प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीशी नावापलीकडे संबंध नाही. एचटीएमएलचे मूळ प्रमाणक व्हॉटडब्ल्यूजी सांभाळते आणि ते वाचायला कुणालाही मोकळे आहे. त्यातले एखादे प्रकरण, समजा फॉर्मचे, धीराने वाचून पाहावे. जे व्हिडिओतून तीनदा ऐकून कळले नाही ते तिथे एका परिच्छेदात स्पष्ट लिहिलेले असते.

पण वाचण्याहून करणे मोठे. मी पहिल्या महिन्यात एकच काम देते: आपल्या गावच्या एसटी स्टँडचे वेळापत्रक. खरा तक्ता, स्तंभांना खरी शीर्षके, गाव निवडायचा खरा फॉर्म जो गेट विनंती पाठवतो, आणि जावास्क्रिप्टची एकही ओळ नाही. मग तेच पान फक्त कीबोर्डने चालवायचे. मग डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम संथ करून, घाटातल्या गावात फोन धरल्यासारखे, ते किती वेळात दिसते ते पाहायचे. त्यानंतर जावास्क्रिप्ट घालायची, पण अशी की ती नाही आली तरी गाडीची वेळ कळावी. गेल्या वर्षी एका मुलीने हे पान खरोखर स्टँडवरच्या फलकावरून भरले, आणि तिच्या आजीने ते आपल्या जुन्या फोनवर उघडले. ते उघडले, हेच मला सांगायचे आहे.

राहिला एआयचा मुद्दा. त्याला मी सर्वांत गंभीरपणे घेते, कारण तिथे पूर्वपक्ष वाढतो आहे. कोड लिहून मिळतो, आणि पुष्कळदा चांगला मिळतो. मी स्वतः वापरते. पण ही यंत्रे शिकली ती लोकांनी लिहिलेल्या कोडवर, आणि त्या लोकांनी बांधलेल्या पानांची अवस्था वेबएमच्या आकड्यांत आपण आत्ताच पाहिली. डिव्हचे बटन मागणीवर क्षणात मिळू लागले, तर ते चूक आहे हे ओळखणाऱ्याची गरज वाढते. लिहिण्याचे श्रम कमी झाले आहेत, तपासण्याचे ज्ञान स्वस्त झालेले नाही.

परवाचीच गोष्ट. एका नोंदणी अर्जात नावाच्या रकान्याची पडताळणी हवी होती. मी एआयला सांगितले की नाव कोणत्याही भाषेत असू शकते. त्याने रोमन अक्षरांपुरता नियम दिला नाही, एवढे ते हुशार होते. 'युनिकोडमधले कोणतेही अक्षर' असा नियम दिला, 'पी-एल' या गटाचा. दिसायला निर्दोष. सोबत दिलेल्या चाचण्याही उत्तीर्ण. मी 'कमल' लिहिले, चालले. 'मदन' लिहिले, चालले. 'सीता' लिहिले तर रकाना लाल झाला. युनिकोडच्या हिशेबात वेलांटी आणि काना ही अक्षरे नसून चिन्हे आहेत आणि त्यांचा गट 'पी-एम' हा वेगळा आहे, त्यामुळे त्या नियमात फक्त काना-मात्रा नसलेली मराठी नावे बसत होती. मी 'पी-एम' जोडला आणि सीता, ज्ञानेश्वरी, शौर्य अशी नावे एकेक करून पुन्हा भरून पाहिली.